एकच रॉड घ्यायचा तर कोणता? कोकणात लुअरने गरवणाऱ्या नवख्यांसाठी

रॉड घ्यायला निघालेल्या नवख्याचा पहिला प्रश्न माशाचा असतो. "जिताड्यासाठी कुठला रॉड घेऊ?" दुकानदार भिंतीवरचा सगळ्यात जाड रॉड काढून देतो आणि दोघंही खूश होतात. पुढे खाडीवर गेल्यावर कळतं की त्या जाड रॉडने दहा ग्रॅमचा रबरी मासा पायापाशीच पडतोय. मासा लागायचा तो दिवसातून एखादा, तोही लागला तर. फेकी मात्र शेकड्यांनी कराव्या लागतात. म्हणून निवड उलट्या बाजूने करावी. आधी आपण कुठे उभे राहणार ते ठरवायचं, मग तिथे कुठले लुअर, म्हणजे कृत्रिम आमिषं, चालतात ते बघायचं, त्यांचं वजन ग्रॅममध्ये काढायचं आणि मग ते वजन नीट फेकणारा रॉड शोधायचा. मासा या यादीत शेवटी येतो.

जेटीवर एखादे काका हमखास भेटतील, हातात नुसतं तंगूस आणि गरी घेतलेले. "एवढी म्हाग काठी कित्याक रे?" असं विचारतील आणि तुमच्यासमोर शेंगाळा ओढून दाखवतील. त्यांचं काही चुकत नाही. जिवंत कोळंबी लावून तळाला टाकायची असेल तर हातातलं तंगूस पुरतं. लुअरचं तसं नाही. लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा रबराचा तो निर्जीव तुकडा जिवंत वाटायला हवा, आणि ते काम रॉडच्या टोकाचं असतं.

बासचा रॉड आणि आपला जिताडा

लुअरच्या रॉडबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासवर बेतलेलं असतं. तो गोड्या पाण्यातला, तळ्यातल्या गवतात आणि बुडालेल्या झाडांत दबा धरून बसणारा मासा. त्याचा विक्रम १९३२ साली जॉर्जिया राज्यात झाला, वजन साधारण १० किलो. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. जिताडा, म्हणजे सिंधुदुर्गात आणि गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तो, याहून कितीतरी मोठा होतो. मात्र शिकारीची रीत दोघांची सारखी: आडोशाला थांबायचं, समोरून जाणारं भक्ष्य तोंड उघडून खसकन आत ओढायचं, लागल्यावर पाण्याबाहेर उसळून डोकं झटकायचं. त्यामुळे बासचे लुअर जिताड्याला चालतात, आणि बासच्या रॉडचं गणितही आपल्याला उपयोगी पडतं.

ते गणित असं. बाससाठी 'एकच रॉड' म्हणून जो सुचवला जातो तो सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा, पाव ते पाऊण औंस लुअर फेकणारा (या शब्दांचे अर्थ तिसऱ्या भागात). एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, तेव्हा ७ ते २१ ग्रॅम. होडीत बसून खाडीच्या कडेने तिवरांच्या मुळांत फेकायचं असेल तर हा रॉड कोकणातही उत्तम. पण आपल्यापैकी बहुतेकांकडे होडी नसते. आपण जेटीवर, बंधाऱ्यावर, पुलाखाली किंवा खडपावर उभे असतो, समोर वारा असतो आणि पाण्याला ओढ असते. मग बासच्या त्या रॉडमध्ये एक फूट आणि थोडे ग्रॅम वाढवावे लागतात. माझं उत्तर आत्ताच सांगून टाकतो: आठ फुटी, दोन तुकड्यांचा, स्पिनिंग, मीडियम-हेवी, १० ते ४० ग्रॅम लुअर पेलणारा, फार कडक नसलेल्या टोकाचा. का, ते पुढे.

१. उभं राहायची जागा

कोकणचा किनारा एकसारखा नाही. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटण, देवबागला कर्ली अशा नद्या समुद्राला मिळतात, आणि प्रत्येक मुखाशी खोल पाणी, वाळूचा दांडा, खडप आणि आत गेल्यावर कांदळवन असं सगळं हाकेच्या अंतरावर असतं. एकाच सकाळी माणूस तीन प्रकारच्या जागांवर फेकू शकतो. 'सगळ्याला चालेल असा एक रॉड' ही चैन नाही, इथली गरज आहे ती यामुळे.

कांदळवनात, होडीत किंवा अरुंद पाणंदीतून उतरून खाजणाच्या बांधावर उभं राहणार असाल तर साडेसहा ते सात फूट पुरे. डोक्यावर फांद्या असतात, लांब रॉड मागे नेताच अडकतो. जेटी, धक्का, पूल इथे आठ फूट चांगला. दोरा काठाच्या दगडांपासून लांब ठेवता येतो आणि मासा धक्क्याच्या खांबाकडे वळला तर त्याला वळसा घालून बाहेर काढता येतो. उघड्या खडपावर साडेआठ-नऊ फूट. आणि पुळणीवरून लाटांच्या पलीकडे टाकायचं असेल तर नऊ-दहा फुटांखाली मजा नाही.

लांब रॉड लांब फेकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. मासा लागला की रॉड ही तरफ होते, आणि तरफेची लांब बाजू माशाकडे असते. रॉड जितका लांब तितका तुमच्या मनगटावर आणि कमरेवर ताण जास्त. दिवसभर फेकून हात भरून येतो तो वेगळाच. आठ फूट ही तडजोड आहे: होडीत थोडा लांब वाटेल, पुळणीवर थोडा आखूड, पण कुठेच अगदी निकामी ठरत नाही.

मालवणात गरवणार असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुठे गरवायला हरकत नाही, हे तिथल्या मच्छीमारांना आणि वनखात्याला विचारून मगच फेका.

२. लुअरचा डबा काट्यावर

घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या आणि जे लुअर आहेत किंवा घ्यायचे ठरवलेत त्यांचं वजन लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मिन्नो, म्हणजे पुढे प्लास्टिकची जीभ असलेला लांबट कडक मासा, आपल्या खाडीत सर्वांत उपयोगी. ९ ते १२ सेंटिमीटरचा असेल तर १२ ते २५ ग्रॅम भरतो. दोन झटके द्यायचे, थांबायचं. जिताडा बहुतेक वेळा थांबलेल्या लुअरवरच येतो. याला तीन तोंडांचे ट्रेबल गळ असतात, बारीक तारेचे. रॉड फार कडक असला तर माशाच्या पहिल्या झटक्यातच गळ तोंड फाडून निघतो किंवा सरळ होतो. मिन्नोला थोडा नमणारा रॉड हवा.

रबरी मासा आणि जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, ही जोडी याच्या उलट. एकच जाड गळ, तोही रबरात लपलेला. तो माशाच्या तोंडात रुतवायला टोकाखाली ताकद हवी, आणि तळाला टेकल्याची टकटक हातात कळायला रॉड हलका आणि ताठ हवा. इथे वजनात हमखास घोटाळा होतो. जिगहेडच्या पाकिटावर १० ग्रॅम लिहिलेलं असतं ते नुसत्या शिशाच्या डोक्याचं. त्यावर बोटभर लांबीचा जाडसर रबरी मासा चढवला की एकूण वजन सहज दीडपट होतं. रॉडला जे फेकायचंय ते एकूण वजन. काट्यावर जोडी ठेवा, सुटे भाग नाहीत.

पाण्यावरून चालणारे पॉपर आणि स्टिकबेट १५ ते ३० ग्रॅमचे. पहाटे झुंजुमुंजू असताना, पाणी संथ असेल तेव्हा बोयांच्या थव्याजवळ टाकले तर तांबोशी आणि कोकर वर येतात. यांना रॉडचं टोक खाली धरून मनगटाने छोटे झटके द्यायचे असतात; पाण्यालगत उभे असाल तर नऊ फुटी रॉडचं टोक पाण्यातच आपटतं.

व्हाइब, म्हणजे जीभ नसलेला, ओढताच थरथरणारा जड लुअर, १५ ते २५ ग्रॅमचा. गढूळ पाण्यात आणि जेटीखालच्या खोल खड्ड्यात याला तोड नाही. मेटल जिग, म्हणजे धातूचे भरीव लुअर, २० ते ४० ग्रॅमचे. लांब जातात, लवकर बुडतात, बांगड्याचा थवा दूरवर खळबळताना दिसला की तेच काढायचे. रावसही घेतो.

बासच्या यादीत क्रँकबेट आणि स्पिनरबेट ही नावं भेटतील. फिरत्या पात्याचा स्पिनरबेट खाऱ्या पाण्यात गंजून जातो, नवख्याने त्याच्या नादी लागू नये. क्रँकबेटबद्दल एवढं लक्षात ठेवा की मोठ्या जिभेचा, खोल जाणारा लुअर काट्यावर १५ ग्रॅम भरला तरी पाण्यात ओढताना त्याहून बराच जड लागतो. फेकण्याचं वजन आणि ओढण्याचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी.

यादी बघा आता. बहुतेक आकडे १२ ते ३० च्या मध्ये पडतील. तोच तुमचा रॉड.

त्या आकड्यांना उधाणाचा हिशेब जोडावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी. भांगाला खाडीत ज्या जागी १० ग्रॅमचं जिगहेड शांतपणे तळाला जातं, त्याच जागी उधाणाच्या ओहोटीत ते तरंगत समुद्राकडे निघतं; तिथे २० ते २५ ग्रॅम लागतं. वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, पाठीमागून येतात, हलका लुअरही लांब जातो. दुपारी खारे वारे सुटले की तोच लुअर तोंडावर परत येतो. म्हणून रॉडला ग्रॅमचा पट्टा रुंद हवा.

३. रॉडवर छापलेलं वाचणं

मुठीच्या वर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं. '८०२ एमएच' असं काही असेल तर पहिले दोन आकडे लांबी, आठ फूट शून्य इंच. तिसरा आकडा तुकडे, दोन. एमएच म्हणजे मीडियम-हेवी. सगळ्या कंपन्या ही पद्धत पाळत नाहीत, पण बऱ्याच पाळतात. मग लुअरचं वजन ग्रॅममध्ये किंवा औंसात, आणि दोऱ्याची ताकद पाऊंडात किंवा पीई या आकड्यात. पाऊंड म्हणजे अर्ध्या किलोहून थोडं कमी. पीई हा आकडा खरं तर दोऱ्याच्या जाडीचा आहे. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे ०.२३५.

मीडियम, मीडियम-हेवी, हेवी ही 'पॉवर'. रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. याला कुठलंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियम-हेवीइतका कडक असू शकतो. ग्रॅमचे आकडे त्यामानाने खरे बोलतात, तेव्हा आधी तेच वाचा.

'ॲक्शन' म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट असेल तर वरचा तिसरा भाग वाकतो, खालचा ताठ राहतो. मॉडरेट असेल तर अर्ध्यापासून वाकतो. फास्ट रॉडने जिग चांगला खेळतो, मॉडरेटने मिन्नो. दोन्ही करायचं असेल तर मॉडरेट-फास्ट मागा. दुकानात तो शब्द छापलेला मिळाला नाही तर टोक वाकवून बघा: बाक वरच्या वीतभरातच संपत असेल तर सोडून द्या.

छापलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांशी रॉड काम करतो, पण मन लावून करत नाही. १० ते ४० चा रॉड १५ ते ३० मध्ये खुलतो. दहाला तो वाकत नाही, म्हणून लुअर सुटत नाही. चाळीसला तो दमतो, आणि नवख्याच्या हातून जोराचा झटका बसला तर मोडूही शकतो. याच कारणाने '५ ते ८० ग्रॅम' असं छापलेला स्वस्त रॉड दिसला तर हसून पुढे जावं.

४. स्पिनिंग की बेटकास्टिंग

बासच्या जगात रॉडच्या वर बसणाऱ्या बेटकास्टिंग रीळचा मोठा थाट आहे. अचूक फेक होते, जाड दोरा चालतो. पण वाऱ्याविरुद्ध हलका लुअर टाकताना रीळ जास्त फिरतं, दोऱ्याचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो, आणि तो सोडवण्यात भरती निघून जाते. नवख्याने रॉडच्या खाली लटकणारं स्पिनिंग रीळ घ्यावं. दोन्ही प्रकारच्या रॉडच्या कड्या (ज्यांतून दोरा जातो त्या) आणि रीळ बसवायची जागा वेगळी असते. एकाचं रीळ दुसऱ्यावर चालत नाही, हे घेताना बघा.

५. दुकानात

शक्य असेल तर स्वतः जाऊन हातात घेऊन घ्या, आणि आपलं रीळ बरोबर न्या. रॉड जोडण्याआधी वर बघा. छताचा पंखा चालू असेल तर बंद करायला सांगा. आपल्याकडे माशाने मोडलेल्या रॉडांपेक्षा पंख्याने आणि गाडीच्या दाराने मोडलेले रॉड जास्त असतील, असा माझा संशय आहे.

जोडल्यावर मुठीकडून टोकाकडे एका डोळ्याने बघा. सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. दोन तुकड्यांचा सांधा घट्ट बसावा, पण हलवला तर कटकट असा आवाज येऊ नये. दोन तुकडे पुरेत. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारा रॉड एसटीत आणि कोकण रेल्वेत न्यायला सोपा, पण त्याच्या सांध्यांत वाळू आणि मीठ शिरतं आणि एक दिवस तो ना उघडतो ना मिटतो. फिरतीवरच्या माणसाने चार तुकड्यांचा प्रवासी रॉड बघावा, टेलिस्कोपिक नको.

कड्यांवर जास्त वेळ घालवा. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा मऊ वाटतो, पण मीठ आणि वाळू लागली की करवतीचं काम करतो. कडीच्या आतलं वर्तुळ साध्या धातूचं असेल तर काही महिन्यांत त्यात चर पडते आणि मग चर दोऱ्याला कापते. आत सिरॅमिक हवं. ॲल्युमिनियम ऑक्साइड चालेल, सिलिकॉन कार्बाइड उत्तम. बाहेरची चौकट गंजरोधक स्टीलची हवी. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे खरवड आहे, तो रॉड ठेवून द्या. जुना रॉड घेत असाल तर ही तपासणी कधीच सोडू नका. कड्यांची संख्या लांबीच्या फुटांएवढी किंवा एखादी जास्त असावी. आठ फुटी रॉडला पाचच कड्या दिसल्या तर कुठे पैसे वाचवलेत ते समजून जा.

दांडा कशाचा, हा पुढचा प्रश्न. निव्वळ फायबरग्लास जड, पण चिवट. आपटला, खडपावर पडला तरी सहन करतो. कार्बन हलका आणि संवेदनशील. त्यातही जितका उंची कार्बन तितका तो नाजूक. २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे छापलेले असतात, ते कार्बनच्या कडकपणाचे. ४० टनांचा रॉड हातात घेतला की मोह होतो. पण आपण दुचाकीच्या कडेला बांधून नेणार, खडपावर ठेवणार, होडीच्या कडेवर आपटणार. २४ ते ३० टनांचा, किंवा थोडं ग्लास मिसळलेला दांडा नवख्याला पुष्कळ वर्षं साथ देतो.

मुठीला कॉर्कपेक्षा ईव्हीए फोम बरा. ओल्या, चिकट हाताने पकड सुटत नाही आणि नळाखाली धुता येतो. रीळ पकडणारे धातूचे भाग चुंबकाला घट्ट चिकटत असतील तर ते लवकर गंजतील. मूठ किती लांब असावी? रीळपाशी पकडून मागचा दांडा हाताच्या खालून कोपरापर्यंत येऊ द्या. कोपराच्या थोडा पुढे गेला तर दोन्ही हातांनी फेकायला बरा; वीतभर पुढे गेला तर दर झटक्याला कपड्यात अडकेल.

शेवटी रीळ लावा आणि रीळच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोला. टोक खूप खाली झुकत असेल तर दोन तासांनी मनगट बोलायला लागेल. मग दुकानदाराला टोकाकडचा दोरा हाताने धरून हळूहळू खाली ओढायला सांगा आणि बाक बघा. सलग, कुठेही कोन न पडता उतरत येणारा बाक हवा.

पैशांबद्दल एवढंच सांगतो: सगळी रक्कम रॉडमध्ये घालू नका. रॉड, रीळ आणि दोरा यांत कुठे काटकसर करायचीच असेल तर रॉडमध्ये थोडी करा. खाऱ्या पाण्यात आधी मरतं ते स्वस्त रीळ.

६. रीळ, दोरा आणि लीडर

आठ फुटी मीडियम-हेवीला ४००० मापाचं स्पिनिंग रीळ जुळतं. ३००० ही चालेल. त्यावर २० ते ३० पाऊंडांचा ब्रेडेड दोरा, दीडशे-दोनशे मीटर. त्याच्या पुढे हातभर नव्हे, चांगला मीटर-दीड मीटर ४० पाऊंडांचा लीडर, म्हणजे लुअरआधीचा जाड दोरा, फ्लोरोकार्बनचा किंवा जाड नायलॉनचा. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, आणि तांबोशी लागली की थेट दगडात पळते. ब्रेडेड दोरा यातलं काही सोसत नाही. लीडर हा फक्त माशासाठी असतो असंही नाही, कालवं चिकटलेल्या खडपावर दोरा घासला की दोन सेकंदांत तुटतो. लीडर आणि दोरा जोडायला डबल युनी गाठ आधी शिका. एफजी गाठ सुंदर, पण ती घरी पंख्याखाली सराव करून यावी.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळने दोरा सोडायचा ते, लावताना अंदाजावर जाऊ नका. ताणकाटा दोऱ्याला बांधून रीळमधून सरळ ओढा. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला रीळ सुटायला हवं. ३० पाऊंडांच्या दोऱ्याला ते तीन-साडेतीन किलो होतं. हा रॉड तेवढं आरामात पेलतो.

७. पाण्यावर

कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. खाडीच्या बांधावर, पुलांजवळ विजेच्या तारा खाली आलेल्या असतात, त्यांच्याखाली फेकू नका, रॉड उभा धरून चालूही नका. वैशाखात आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून निघायचं. मासे लागत असले तरी.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला तो नियम थांबवत नसला तरी त्या दिवसांत खडपावर जाऊ नये. नारळी पौर्णिमा झाली तरी काही आठवडे लाटांना जोर असतो. सुरुवात खाडीच्या आतल्या बाजूने करावी. खडपावर शेवाळ असतं, पायात साध्या चपला नकोत, आणि लाईफ जॅकेट घालायला लाजू नका.

फेकताना टोकापासून लुअरपर्यंत दोन-अडीच फूट दोरा मोकळा ठेवा. रॉड मागे नेऊन क्षणभर थांबा, लुअरचं वजन टोकाला जाणवू द्या, मग पुढे आणा. ताकद लावू नका, रॉड स्वतः फेकतो. मासा लागल्यावर रॉड डोक्यामागे नेऊन उभा धरू नका. सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो आणि तिथेच तो मोडतो. जेटीवर मासा रॉडने उचलून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. दोन किलोंच्या वर हातजाळंच वापरा.

जिताड्याबद्दल एक विनंती. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे हातातून सुटू नये असं वाटणारा जो मोठा मासा असतो, तो अंडी घालणारी मादी असण्याची शक्यता फार. पावसाळ्याच्या तोंडाशी ती नदीमुखाकडे येते. फोटो काढून सोडून द्या. कालवणाला मधल्या मापाचा जास्त चविष्ट लागतो, हे वर.

घरी आल्यावर रॉड आणि रीळ गोड्या पाण्याने धुवा, पण पाइपाचा जोरदार फवारा मारू नका. मीठ रीळच्या आत ढकललं जातं. ड्रॅग घट्ट करून धुवा, वाळल्यावर सैल करून ठेवा. सांध्यावर मेणबत्ती फिरवली की पुढच्या वेळी तो अडकत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रॉड ठेवू नका.

दुसरा रॉड कधी

पहिला मोसम संपला की लुअरचा डबा पुन्हा उघडा आणि कुठल्या लुअरचा रंग उडालाय, गळ गंजलेत ते बघा. तोच तुमचा खरा आवडता लुअर. तो पाच-दहा ग्रॅमच्या रबरी माशांपैकी असेल आणि तुम्ही खाडीच्या आत लहान तांबोशी, गोबरे यांच्यामागेच फिरत असाल, तर साडेसहा-सात फुटी, ३ ते १५ ग्रॅमचा हलका रॉड घ्या, २५०० चं रीळ लावून. वजनदार जिग आणि मोठे पॉपर झिजले असतील तर नऊ फुटी, २० ते ६० ग्रॅमचा घ्या. गोड्या पाण्यात मरळीच्या मागे लागलात, शेवाळात आणि कमळाच्या पानांवर रबरी बेडूक नाचवायला, तर मात्र सात फुटी हेवी रॉड आणि बेटकास्टिंग रीळ. एव्हाना गुंता सोडवण्याइतका धीर आलेला असतो. आणि डब्यातलं काहीच झिजलं नसेल, तर दुसऱ्या रॉडचे पैसे पेट्रोलला ठेवा.